मणक्यातील इंजेक्शनचा खरा हिशेब

कंबरेतून उठून मांडीच्या मागल्या बाजूने पोटरीत आणि तेथून पावलाच्या अंगठ्यापर्यंत सणकत जाणारी कळ ज्याने पंधरा-वीस दिवस सोसली आहे, त्या कळेपायी ज्याला धड बसता येत नाही की कूस बदलता येत नाही, खोकण्या-शिंकण्याचीदेखील ज्याला धास्ती वाटू लागली आहे, अशा मनुष्याला ‘मणक्यात एक इंजेक्शन दिले की मोकळे व्हाल’ असे कोणी सांगितले, तर त्या इंजेक्शनात औषध कोणते, त्याचा गुण किती दिवस टिकणार, त्यात जोखीम काय, यांपैकी कशाचीही विचारपूस न करता तो पुढे केलेल्या कागदावर सही करतो, यात त्याचा काडीचाही दोष नाही. वेदनेने गांजलेल्या माणसाच्या अंगी शहानिशा करण्याचे त्राण उरत नाही. आणि म्हणूनच ती शहानिशा त्याच्या वतीने वैद्यक व्यवसायाने, शासनाने आणि विचारी समाजाने आधीच करून ठेवलेली असावी, अशी अपेक्षा धरण्याचा त्याला पुरता अधिकार आहे.

आज महाराष्ट्रातील महानगरांतच काय, पण जिल्ह्याच्या गावी आणि क्वचित तालुक्याच्या पेठेतही ‘शस्त्रक्रियेविना मणक्याच्या विकारांवर इलाज’ अशा आशयाच्या पाट्या झळकू लागल्या आहेत. त्यांपैकी अनेकांच्या मुळाशी एकच क्रिया असते. पाठीच्या कण्याच्या पोकळीत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, दुखावलेल्या मज्जातंतूच्या मुळाशी स्टेरॉइड जातीचे दाहशामक औषध सुईवाटे नेऊन सोडायचे, ही ती क्रिया. वैद्यकात तिला एपिड्यूरल इंजेक्शन म्हणतात. ही विद्या थोतांड नाही, तिच्यामागे शतकाहून अधिक काळाचा अनुभव आहे आणि योग्य रुग्णाच्या बाबतीत तिचे उपकार मोठे आहेत. परंतु तिच्या गुणाची मुदत अल्प आहे आणि ज्यांना तिचा गुण येतो त्यांचा वर्गही मर्यादित आहे. ती रुग्णाला देते ती काही आठवड्यांची उसंत. व्याधीचे निर्मूलन तिच्या हाती नाही. ही उसंत मोलाची आहे, परंतु ती उसंत आहे हे रुग्णाला सुई टोचण्यापूर्वी, त्याच्या स्वतःच्या भाषेत आणि लेखी स्वरूपात कळले पाहिजे, तिचा विनियोग कसा करावयाचा याची तजवीज तेव्हाच झाली पाहिजे, आणि एवढे जेथे होत नाही तेथे हे इंजेक्शन देण्याचा नैतिक अधिकार कोणालाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम या औषधाला तेथे जाण्याचे प्रयोजन काय, ते पाहू. दोन मणक्यांच्या दरम्यान जी लवचिक चकती असते, जिला आपल्याकडे लोक ‘गादी’ म्हणतात, तिच्या चिवट कड्याच्या आत मऊसर गर असतो. कडे फाटून तो गर मागे सरकला म्हणजे शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला त्याची बाधा होते. बॉस्टनमधील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यवैद्यांनी १९३४ साली हा संबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून कित्येक दशके वैद्यकाची अशी समजूत होती की, हा सारा मामला दाबाचा आहे. नस दबली म्हणून दुखते, दाब काढला की दुखणे थांबेल. ही समजूत अर्धीच खरी होती. ज्यांना पाठीची वा पायाची कसलीही तक्रार नाही अशा ३,११० व्यक्तींच्या मणक्यांच्या छायाचित्रणांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या विशीतील निरोगी माणसांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या आणि ऐंशीतील माणसांपैकी सुमारे ८४ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या दिसतात, असे आढळले. एमआरआयच्या अहवालात ‘गॅप’ किंवा ‘बल्ज’ असे काही दिसले की घरातील सर्वांच्या तोंडचे पाणी पळते. पण दुखण्याचे कारण तेच, असे त्या कागदावरून ठरत नाही, ही गोष्ट प्रत्येक रुग्णाने ध्यानी धरण्याजोगी आहे.

दाबाइतकेच, किंबहुना काही रुग्णांत त्याहूनही अधिक, महत्त्व दाहाचे असते. चकतीतून बाहेर पडलेला गर हा रासायनिक दृष्ट्या निरुपद्रवी नसून त्यात फॉस्फोलायपेज ए-२ यासारखी दाहजनक द्रव्ये असतात, टीएनएफ या नावाने ओळखले जाणारे द्रव्य मज्जातंतूच्या मुळाला चेतवते, आणि त्यामुळे ते मूळ सुजून एरवी ज्या स्पर्शाची त्याने दखलही घेतली नसती त्या स्पर्शानेही कळा मारू लागते, हे १९९० नंतरच्या संशोधनातून क्रमाक्रमाने उलगडत गेले. दाह जर एका ठरावीक जागी आहे, तर दाहशामक औषध पोटावाटे सर्वांगात पसरविण्यापेक्षा त्याच जागी थोड्या प्रमाणात नेऊन ठेवावे, हा विचार त्यातून सहज निघतो. आणि या इंजेक्शनाचा सारा तर्क एवढाच आहे.

गमतीची नव्हे, पण मननीय गोष्ट अशी की, वाट आधी सापडली आणि औषध मागाहून आले. १९०१ साली फ्रान्समध्ये सिकार आणि काथलँ या दोन वैद्यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाच्या वरच्या अंगास असलेल्या नैसर्गिक छिद्रातून कण्याच्या पोकळीत कोकेनचे द्रावण सोडून दाखविले, आणि सिकारने तर सायटिकावरच, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या या कळेवरच, त्याचा प्रयोग केला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेंच आणि केंडॉल यांनी संधिवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा विलक्षण प्रभाव दाखवून दिला तो १९४८-४९ साली, आणि त्याबद्दल राइखस्टाइन यांच्यासमवेत त्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १९५२ साली, इटलीतील रोबेकी आणि काप्रा यांनी हायड्रोकॉर्टिसोन मज्जातंतूच्या मुळाशी नेऊन सोडले. जुनी वाट आणि नवे औषध यांचा संयोग झाला, आणि पुढील सत्तर वर्षांत ही क्रिया जगभर रूढ झाली.

आज ती चोख रीतीने केली जाते तेव्हा कशी दिसते, हे सामान्य वाचकाला ठाऊक असावे. रुग्णाला पोटाखाली उशी देऊन पालथे निजवितात; पाठ जंतुनाशकाने पुसून निर्जंतुक कापडाने झाकतात; कातडी आणि खालचा मांसल भाग यांना बधिर करणारे इंजेक्शन आधी देतात. मग सी-आर्म नावाच्या फिरत्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्याकडे पाहत वैद्य सुई इंचाइंचाने पुढे सरकवितो. दोन मणक्यांच्या मधल्या पिवळसर स्नायुबंधात सुई असते तोवर पिचकारीचा दट्ट्या अंगठ्याला विरोध करतो, आणि सुईचे टोक तो बंध ओलांडून पोकळीत शिरताच तो विरोध एकाएकी नाहीसा होतो. अंगठ्याला जाणवणारा तो क्षण ओळखणे हेच या कामातील कसब आहे. त्यानंतर क्ष-किरणांत दिसणारे थोडे द्रव्य सोडून ते योग्य मुळाभोवती पसरते की एखाद्या रक्तवाहिनीत वाहून जाते, याची खातरजमा करावयाची, आणि मगच औषध द्यावयाचे. सारे काम अर्ध्या तासाच्या आत आटोपते. ‘मणक्यात सुई घेतली की कंबर जन्माची धरते’ अशी जी भीती आपल्या घराघरांत आहे, तिला अशा रीतीने केलेल्या क्रियेत फारसा आधार नाही. मात्र पडद्याशिवाय, केवळ अंदाजाने सुई घातली, तर औषध इच्छित जागी पडेलच याची शाश्वती कुशल हातालाही देता येत नाही.

आता गुणाचा हिशेब. कॅनडातील कारेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली सायटिकाच्या १५८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. अर्ध्यांना स्टेरॉइड आणि अर्ध्यांना नुसते मिठाचे पाणी देण्यात आले होते. पहिल्या काही आठवड्यांत स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या पायाची वेदना थोडी अधिक कमी झाली; परंतु वर्षाअखेरीस शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचे प्रमाण एका गटात २५.८ टक्के आणि दुसऱ्या गटात २४.८ टक्के, म्हणजे व्यवहारतः सारखेच, निघाले. वार्धक्यामुळे कण्याची नलिका अरुंद होऊन चालताना पाय जड होणाऱ्या ४०० रुग्णांची अमेरिकेतील पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत नुसते बधिर करणारे औषध आणि त्यात स्टेरॉइड मिसळलेले औषध यांच्या परिणामांत सहा आठवड्यांअखेर सांगण्याजोगा फरक आढळला नाही. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २५ चाचण्यांतील २,४७० रुग्णांची माहिती एकत्र करून जो निष्कर्ष काढला, त्यात शून्य ते शंभर या पट्टीवर मोजलेली पायाची वेदना नकली उपचारापेक्षा सुमारे पाच अंशांनी अधिक उतरते, आणि तीही थोड्या काळापुरती, असे दिसले.

हे आकडे पाहून ही क्रिया सर्वस्वी टाकाऊ ठरविण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ अभ्यासू माणसे त्या मताला आली आहेत. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक शिफारशींत तीन महिन्यांहून जुन्या, कर्करोगाखेरीज अन्य कारणांनी होणाऱ्या मणक्याच्या दुखण्यावर अशी इंजेक्शने देऊ नयेत, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. मला ही शिफारस जुनाट दुखण्यापुरती मान्य आहे. तथापि ताज्या आणि तीव्र कळेची गोष्ट निराळी आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१६ साली जो विवेक केला तो मला अधिक समतोल वाटतो : पायात उतरणारी कळ ताजी आणि असह्य असेल तर या इंजेक्शनाचा विचार करावा, नुसत्या कंबरदुखीसाठी ते देऊ नये, आणि नलिका अरुंद झाल्यामुळे चालताना येणाऱ्या वेदनेसाठीही देऊ नये. सरासरी पाच अंशांचा लाभ याचा अर्थ प्रत्येकाला पाच अंशांचा लाभ असा होत नाही; काहींना काहीच गुण येत नाही आणि काहींना त्या रात्री कित्येक दिवसांनंतर प्रथम झोप लागते. दुसऱ्या वर्गातील माणसे कोणती, हे आधी ओळखण्याचा प्रयत्न करणे आणि पहिल्या वर्गातील माणसाला पुन्हा पुन्हा टोचत न राहणे, यातच वैद्याची विवेकबुद्धी कसाला लागते.

काही आठवड्यांची उसंत एवढी मोलाची का मानावी, याचे उत्तर या व्याधीच्या स्वाभाविक गतीत आहे. बाहेर आलेला गर बहुतेकांच्या बाबतीत शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, सूज उतरते आणि कळ विरते. नेदरलँड्समधील २८३ रुग्णांची २००७ साली प्रसिद्ध झालेली पाहणी या बाबतीत फार बोलकी आहे : सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका सोसलेल्या या रुग्णांपैकी अर्ध्यांवर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली, उरलेल्यांना थांबवून ठेवण्यात आले, थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली हे खरे, परंतु वर्षाच्या अखेरीस दोन्ही गटांतील ९५ टक्के माणसे बरी झालेली होती. याचा अर्थ असा की, काळ हा या व्याधीचा सर्वांत मोठा वैद्य आहे, आणि प्रश्न एवढाच उरतो की, तो काळ रुग्णाने कसा कंठावा. ज्याचे हातावर पोट आहे, ज्याची मजुरी एक दिवस चुकली तर चूल थंड पडते, त्याला ‘तीन महिने थांबा, आपोआप बरे होईल’ हा उपदेश शास्त्रशुद्ध असला तरी निष्ठुर आहे. अशा माणसाला दोन-तीन आठवडे वेदनेच्या कचाट्यातून सोडवून पायावर उभे करणारे औषध क्षुल्लक कसे म्हणावे?

ही गोष्ट रुग्णापुढे कशी मांडावी, याचा एक नमुना माझ्या पाहण्यात आहे. एका जिल्ह्याच्या गावी, एका शेजाऱ्यांच्या सोबतीला म्हणून मी वेदनोपचाराच्या दवाखान्यात बसलो होतो. आमच्या आधीचे गृहस्थ एसटीत चालक होते. निवृत्तीला थोडी वर्षे उरलेली, कमरेला पट्टा, सोबत पत्नी. डॉक्टर वयाने तरुण होते. केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी दोन मणके, मधली गादी आणि शेजारून जाणारी नस अशी आकृती काढली आणि ते म्हणाले, ‘काका, या सुईनं गादी जागेवर जाणार नाही. नसेची सूज उतरेल, पाय हलका होईल, झोप लागेल. कुणाला तीन आठवडे आराम पडतो, कुणाला तीन महिने, कुणाला काहीच नाही. तुम्हाला किती पडेल हे मी आज सांगू शकत नाही. पण जेवढे दिवस बरं वाटेल तेवढ्या दिवसांत चालायचं, आणि व्यायाम शिकवतील तो रोज करायचा. बरं वाटलं म्हणून लगेच गाडीवर बसायचं नाही.’ पत्नीने विचारले, ‘डॉक्टर, यांना साखर आहे, चालेल ना?’ त्यावर त्यांनी गोळ्यांची पिशवी मागवून एकेक पाकीट पाहिले, रक्त पातळ करण्याची गोळी त्यात नाही याची खात्री केली, आणि पुढचे आठ दिवस साखर रोज तपासावी, ती वाढली तर घाबरून न जाता फोन करावा, असे लिहून दिले. या संभाषणाला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागला नसेल. माझी मागणी एवढीच आहे की, ही दहा मिनिटे एखाद्या सज्जन डॉक्टरच्या स्वभावावर अवलंबून न राहता प्रत्येक रुग्णाच्या हक्काची व्हावीत.

कारण जोखीम विरळ असली तरी काल्पनिक नाही. औषध सोडताना सुईचे टोक जर मज्जारज्जूला रक्त पुरविणाऱ्या बारीक रोहिणीत शिरले, आणि औषध कणयुक्त असले, म्हणजे द्रावणात न विरघळता सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगणारे असले, तर ते कण रक्तप्रवाह अडवून पक्षाघात वा अंगाचा लुळेपणा घडवू शकतात. मानेच्या मणक्यांत हा धोका विशेष असतो, आणि म्हणून तेथे कणरहित डेक्सामेथासोन वापरण्याकडे जाणत्यांचा कल आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये दृष्टिनाश, पक्षाघात, लुळेपणा आणि मृत्यू यांचा स्पष्ट उल्लेख करून सर्व स्टेरॉइड इंजेक्शनांवर इशारा छापण्याचा हुकूम दिला, आणि या मार्गाने देण्यासाठी त्यांपैकी एकाही औषधाला आपली मान्यता नाही, हेही नमूद केले. ट्रायॅम्सिनोलोनच्या एका प्रसिद्ध औषधाच्या अमेरिकी वेष्टनपत्रकात तर ते एपिड्यूरल मार्गाने देऊ नये असे ठळकपणे छापलेले असते. मान्यतेबाहेरचा वापर म्हणजे बेकायदेशीर वापर असे नव्हे. वैद्यकात तो सर्रास आणि पुष्कळदा योग्य कारणांनी होतो. पण तो तसा आहे, हे रुग्णाला सांगण्याची जबाबदारी त्यामुळे वाढते, कमी होत नाही.

आणि या औषधाच्या इतिहासातील सर्वांत मोठी आपत्ती सुई धरणाऱ्या हातामुळे घडलेलीच नाही. २०१२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम येथील न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या औषधशाळेने मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या कुप्या तयार केल्या. मूळ औषधातील परिरक्षक द्रव्ये मज्जातंतूंना अपाय करतील या चिंतेने अनेक डॉक्टर परिरक्षकविरहित औषधाची मागणी करीत होते. ते बनविताना निर्जंतुकतेचा बंदोबस्त दुप्पट काटेकोर असावयास हवा होता, तेथे तो ढिसाळ होता. एक्सरोहायलम नावाची, एरवी गवतावर आणि पिकांवर आढळणारी बुरशी त्या कुप्यांत वाढली आणि पाठदुखीने बेजार झालेल्या माणसांच्या कण्यापर्यंत पोहोचली. सुमारे १४ हजार रुग्णांना संशयित कुप्यांतील औषध टोचले गेले होते. २० राज्यांत ७५३ जणांना बाधा झाली आणि त्यांतील ६४ जण दगावले, असे तेथील रोगनियंत्रण केंद्राने वर्षभराने नोंदविले. टेनेसी राज्यातील एका दक्ष डॉक्टरला मेंदूज्वराच्या एका रुग्णात अनपेक्षित बुरशी सापडली आणि तिने ती गोष्ट आरोग्य खात्याला तत्काळ कळविली, म्हणून हे प्रकरण उघडकीस आले; आणि कोणत्या रुग्णाला कोणत्या दिवशी कोणत्या कुपीतील औषध दिले याच्या नोंदी दवाखान्यांच्या दप्तरी होत्या, म्हणून उरलेल्या हजारोंना शोधून काढता आले. औषधशाळेच्या चालकांना तुरुंगवास झाला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेने अशा औषधशाळांवर देखरेखीसाठी नवा कायदा केला. आपल्याकडे एखाद्या लहान दवाखान्यात उद्या असे काही घडले, तर केसपेपरवर कुपीचा बॅच क्रमांक सापडेल काय, हा प्रश्न आजच विचारून ठेवणे शहाणपणाचे होईल.

आपल्या देशात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली मधुमेहाची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि स्टेरॉइडची एक मात्रादेखील त्यांची साखर काही दिवस चढवू शकते. दुसरी गोष्ट क्षयाची. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि क्षय मणक्यालाही होतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली वर्णिलेला हा विकार आजही आपल्या रुग्णालयांतून नित्य दिसतो. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेले वजन, रात्री वाढणारे पाठीचे दुखणे, ही त्याची लक्षणे ‘नस दबली आहे’ या सरसकट निदानाखाली झाकली गेली आणि अशा रुग्णाच्या मणक्यात प्रतिकारशक्ती मंदावणारे स्टेरॉइड सोडले गेले, तर होणारी हानी भरून येण्यासारखी नसते. तीच गोष्ट लघवी अडणे आणि गुदद्वाराभोवतालचा भाग बधिर होणे या लक्षणांची. ती दिसताच रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियेसाठी पाठवावयाचे असते, इंजेक्शन देऊन वाट पाहावयाची नसते. म्हणजेच इंजेक्शनापूर्वीची तपासणी ही या उपचाराची प्रस्तावना नसून त्याचा गाभा आहे.

संमतीच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असा निर्णय दिला की, उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय आणि ठळक धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर रुग्णाने दिलेली संमती हीच खरी संमती होय. आणि वस्तुस्थिती काय आहे? सकाळी उपाशीपोटी येऊन बसलेल्या रुग्णाच्या नातेवाइकापुढे इंग्रजीत छापलेला दोन पानी मजकूर येतो, पेनाने केलेल्या फुलीकडे बोट दाखवून ‘येथे सही करा’ असे सांगितले जाते, औषधाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरीच असते, आणि सही रुग्णाची नसून त्याच्या मुलाची वा जावयाची असते. अशा दस्तऐवजाने फार तर दवाखान्याचे दप्तर पूर्ण होते. रुग्णाचे ज्ञान त्याने तसूभरही वाढत नाही. जमिनीचा सातबारा आपण मराठीत मागतो आणि तो मिळतो. स्वतःच्या पाठीच्या कण्याविषयीचा कागद मराठीत मागण्यात संकोच कसला?

कोणी म्हणेल, एवढे सारे सांगितले तर रुग्ण घाबरून जाईल आणि ज्या उपचाराने त्याला आराम पडला असता तो नाकारून एखाद्या अडाणी मालिशवाल्याच्या हाती जाईल. हा आक्षेप कळकळीचा असला तरी त्यात रुग्णाच्या बुद्धीविषयीचा अविश्वास आहे. आपल्या शेतकऱ्याला, कामगाराला, गृहिणीला जोखमीचा हिशेब कळत नाही असे कोणी समजू नये. पेरणीपासून कर्जापर्यंत त्यांचे अवघे आयुष्य जोखमीच्या हिशेबातच जाते. त्यांना खरा आकडा आणि खरी मुदत सांगणारा माणूस भेटला, तर त्यांचा वैद्यावरील विश्वास वाढतोच. विश्वास खचतो तो ‘कायमचे बरे व्हाल’ असे ऐकून पैसे भरल्यावर दीड महिन्याने तीच कळ परत येते तेव्हा; आणि मग हाच माणूस मालिशवाल्याकडे जातो.

म्हणून काय व्हावे, ते थोडक्यात नोंदवितो. औषधाचे नाव, ते कोणत्या मणक्याशी देणार, गुण येण्याची आणि न येण्याची शक्यता, गुणाची संभाव्य मुदत, धोके, आणि काहीच न केल्यास काय होईल, एवढा मजकूर असलेले मराठी संमतिपत्र राज्याच्या आरोग्य खात्याने तज्ज्ञांकडून तयार करवून सर्व दवाखान्यांना बंधनकारक करावे, आणि ते रुग्णाच्या हाती किमान एक दिवस आधी पडावे. ही क्रिया क्ष-किरणांच्या देखरेखीखालीच व्हावी, एका कुपीतील औषध एकाच रुग्णाला द्यावे आणि तिचा बॅच क्रमांक केसपेपरवर लिहावा. ‘तीन इंजेक्शनांचा कोर्स’ आगाऊ पैसे घेऊन ठरविण्याची प्रथा बंद व्हावी. पहिल्याचा गुण पाहिल्याखेरीज दुसऱ्याचा विचार करण्यास शास्त्रात आधार नाही. इंजेक्शनाच्या दिवशीच फिजिओथेरपीची तारीख ठरावी, कारण त्या व्यायामाविना मिळालेली उसंत वाया जाते. आणि दुष्परिणामांची नोंद करणारे एक सार्वजनिक दप्तर राज्यात असावे, ज्यात डॉक्टरांप्रमाणे रुग्णालाही तक्रार नोंदविता यावी.

यांतील एकाही गोष्टीला नवे यंत्र, परदेशी तंत्रज्ञान वा मोठा निधी लागत नाही. लागते ती इच्छा, आणि तिला चालना देणारा लोकमताचा रेटा. असह्य वेदनेतून माणसाला काही आठवडे सोडविणे हे वैद्यकाचे थोर काम आहे, आणि ते करणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे; त्या कामाची प्रतिष्ठा राखावयाची असेल, तर त्याच्या मर्यादा लपविणाऱ्यांना सर्वांआधी त्याच डॉक्टरांनी जाब विचारला पाहिजे. आणि आपण रुग्णांनी व रुग्णांच्या आप्तांनी, सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवला पाहिजे : औषध कोणते, आराम किती दिवसांचा, आणि त्या दिवसांत मी काय करावयाचे? ज्या दवाखान्यात या तीन प्रश्नांना सरळ मराठीत उत्तरे मिळतात तेथे निर्धास्तपणे पाठ द्यावी. जेथे मिळत नाहीत, तेथून कागद कोरा ठेवून उठावे.